पोस्टाने आलेली कसरत

हसनाबाद
२७ जून १९८९

अक्का,

दंडवत घे आणि सावरून बस, कारण हे पत्र ख्यालीखुशालीचं नाही. चार वर्षांत आपण एकमेकींना संक्रांतीचा तीळगूळ तेवढा पाठवला, त्यामुळे एवढं जाड पाकीट बघून तू घाबरशील. घरी सगळे ठीक आहेत. अप्पांचा तुझ्यावरचा रागही अगदी ठणठणीत आहे.

मुद्दा असा, की शाळा समितीनं मुलींचा खो-खो बंद केला. गेल्या वर्षी भोकरदनला तालुक्याच्या सामन्यात सगुणा मैदानात चक्कर येऊन पडली, हे तुला कुणी कळवलं नसेल. खरं तर आम्ही सगळ्याच पडायच्या बेतात होतो, ती आधी पडली एवढंच. मास्तर नाहीत, सराव नाही, दोन वेळा खांबाला हात लावला की जीभ बाहेर. गावात बोभाटा झाला. सगुणाच्या बापानं शाळेत येऊन हेडसरांचं टेबल बडवलं. परवाच्या बैठकीत आपले अप्पा म्हणाले, "पोरींच्या अंगात जीव न्हाई आन् मैदानात उतरवून राह्यले. उद्या एखादी उठलीच न्हाई तं जबाबदार कोन? बंद करा." समितीत अप्पांच्या शब्दापुढे कोण जातं? हेडसर बाहेर आले आणि मला म्हणाले, "तुमच्यात दम असता तर मी भांडलो असतो."

तर मला दम पाहिजे. मला एकटीला नाही, बाराही जणींना. दसऱ्यानंतर भोकरदनला सामने आहेत आणि मला त्याच मैदानात उतरायचं आहे. तू अमरावतीला मुलींना खेळ शिकवतेस. त्याच्या शिक्षणासाठीच तू अप्पांशी भांडून घराबाहेर पडलीस, तेव्हा ते शिक्षण आता घराच्या उपयोगी पडू दे. लोक पत्रानं बी. ए. होतात, आम्ही पत्रानं पळायला शिकू. काय करायचं, कसं करायचं, चित्र काढून पाठव.

उत्तर मांगीलालशेठच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक. त्यांची किरण आमच्या संघात आहे. तिची आई सुगनबाई स्वतःहून म्हणाली, "चिठ्ठी आमच्याकडं मंगव, बेटी. शेठजी बिलकुल काही बोलनार न्हाई."

तुझी
सत्यभामा
(म्हणजे भामा. आता तुझ्याएवढी उंच झाले आहे. विश्वास नसेल तर येऊन बघ.)


हसनाबाद
१४ जुलै १९८९

अक्का,

तुझं पत्र आलं, पण पूर्ण आलं नाही. शेठजींनी आमचं पत्र म्हणून कौतुकानं कात्रीनं फोडलं आणि दुसऱ्या चित्रातल्या बाईचं मुंडकं उडवलं. सगुणा म्हणाली मान मागं असणार, किरण म्हणाली पुढं. त्यामुळे आठवडाभर निम्म्या जणी आभाळाकडे बघून उठाबशा काढत होत्या आणि निम्म्या अंगठ्याकडे बघून. आता सगळ्यांच्या माना धरल्यात. बरोबर कोणतं ते लगेच लिही, आणि यापुढे डोकं कागदाच्या मधोमध काढत जा.

दोरीवरच्या उड्या चालू आहेत. दोरी म्हणजे बैलाचं दावं. मायनं विचारलं, "दावं घेऊन कुठं चालली?" मी म्हटलं, "शाळेत पाहिजे." तिनं पुढं विचारलं नाही, पण बैल दिवसभर माझ्याकडे बघत होता.

अडचण पळण्याची आहे. तू लिहिलंस, सडकेनं लांब पळत जा. अक्का, तू अमरावतीची झालीस. इथे पोरगी पळताना दिसली की बाया शेतातून खुरपी टाकून बांधावर येतात. "काय झालं गं? कोन गेलं?" काल मला तिघींनी थांबवलं, आणि एक तर कारण ऐकायच्या आधीच रडायला लागली. पळणाऱ्या पोरीच्या घरी मयत तरी झालेलं असतं नाहीतर आग तरी लागलेली असते, असंच सगळ्यांना वाटतं.

म्हणून मी युक्ती काढली. येत्या संकष्टीला राजूरच्या गणपतीला अनवाणी पायी जायचं. नवस आहे म्हटलं की पोरींना कुणी अडवत नाही, उलट हातात नारळ देतात. वस्ती आली की चालायचं, वस्ती संपली की पळायचं. सगुणानं भावाच्या नोकरीचा नवस सांगितला, किरणनं परीक्षेचा. सगळ्यांच्या घरून होकार आला.

मला मात्र मायनं देवासमोर उभं करून विचारलं, "तुझा कायचा नवस?" समोर समई, हातात हळदकुंकू. खोटं बोलवेना आणि खरं सांगता येईना. तोंडातून निघून गेलं, "अक्का घरी यावी म्हणून."

 मायनं माझ्या तोंडात साखर घातली. आता तीही चतुर्थी धरणार आहे. तू रागावशील हे माहीत आहे. पण मी बोलले ते बोलले, आणि बोलल्यावर मला ते खरंच वाटायला लागलं.

भामा


हसनाबाद
२४ जुलै १९८९

अक्का,

सगुणा पुन्हा पडली.

आधी छान चाललं होतं. पाऊस नव्हता, सडक ओली होती, पायांना गार लागत होतं. समोरून बैलगाडी दिसली की बाराही जणी "मोरया" म्हणत सोज्वळ चालायला लागायच्या आणि गाडी मागं गेली की सुसाट. राजूरला पोचलो, दर्शन घेतलं. परतीला निम्म्या वाटेत सगुणा एकदम पांढरी पडली आणि माझ्याच अंगावर आली. हसनाबादची एक बैलगाडी भेटली, तिच्यात घालून आणली. म्हणजे गाडी गावात शिरायच्या आत बातमी शिरली.

रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "चालता चालता पोरगी पडतीच कशी?"

मी म्हटलं, "आम्ही चालत नव्हतो. पळत होतो."

"कोनाच्या सांगन्यानं?"

"अक्काच्या."

चार वर्षांत तुझं नाव घरात एवढ्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. अप्पांनी भाकरी ताटात ठेवली, हात धुतला आणि बाहेर गेले. मायनंही जेवण सोडलं. मी मात्र जेवले, कारण मला भूक लागली होती.

आता तू विचारशील, पळण्याआधी काय खाल्लं होतं. काहीच नाही. उपास होता ना! तू लिहिलं होतंस की पळण्याआधी पोटात काहीतरी पाहिजे, आणि रोज आम्ही खातोही. पण चतुर्थीला कसं खाणार? नवस आम्ही पळण्यासाठी बोललो हे देवाला माहीत आहे. त्यात उपासही खोटा धरायचा म्हणजे फारच झालं. म्हणून आम्ही जरा जास्तच कडक धरला. पाणीसुद्धा प्यायलो नाही. सगुणा तर आदल्या रात्रीही जेवली नव्हती, म्हणे मन शुद्ध राहावं.

आता हसू नकोस आणि ओरडूही नकोस. काय करायचं ते सांग. सगुणाच्या बापानं तिला घराबाहेर पाय टाकायचा नाही असं बजावलं आहे. तरी काल सकाळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांत आधी कोण येऊन उभी होती, तर तीच. मला म्हणाली, "भामे, दोनदा पडले. आता तिसऱ्यांदा पडले तं गाव म्हनंल पोरीच असल्या. मला पडायचं न्हाई." आम्ही थांबणार नाही, अक्का. हे तुला सांगून ठेवते.

भामा


हसनाबाद
२३ ऑगस्ट १९८९

अक्का,

तुझं रागाचं पत्र बाराही जणींना उभं करून वाचून दाखवलं. "मूर्खांनो" हा शब्द दोनदा वाचला, कारण तू दोनदा लिहिला होतास. देवाला उपास पाहिजे, तुमची मयत नको, हे वाक्य सुगनबाईला इतकं आवडलं की तिनं स्वतः शेंगदाण्याचे आणि गुळाचे लाडू करून दिले. भाजलेली रताळी मायनं दिली. पाण्याचा तांब्या आळीपाळीनं उचलला.

पण खरी बातमी वेगळीच आहे. गेल्या रविवारच्या चतुर्थीला अप्पा आमच्याबरोबर राजूरला आले.

आठ दिवस आधीच म्हणाले, "येत्या चतुर्थीला मी येतो. पाहू द्या काय नवस हाय तो." मला वाटलं, संपलं. अप्पा बरोबर आहेत म्हटल्यावर सगुणाच्या बापानंही तिला सोडलं. बाराही जणी माना खाली घालून त्यांच्या मागून चालायला लागलो. गाव मागं पडल्यावर ते थांबले. "पळत होत्या ना? मंग पळा. मी पाहतो."

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि पळालो. तू सांगितल्याप्रमाणे पुढच्या झाडापर्यंत जायचं, वळून परत मागं यायचं, पुन्हा पुढं. त्यामुळे आम्ही जाऊन जाऊन अप्पांकडेच परत येत होतो. पहिल्यांदा आलो तेव्हा ते नुसते चालत होते. नंतर आलो तेव्हा सगुणाला म्हणाले, "हळू घे जरा." त्यानंतर आम्ही परत आलो तर अप्पा सडकेवर नव्हतेच. ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर गुडघा धरून बसले होते.

राजूरला पायऱ्यांशी त्यांनी प्रत्येकीला विचारलं, काय मागितलं. सगुणानं सांगितलं, किरणनं सांगितलं. माझ्यापाशी आल्यावर मी म्हटलं, "मायनं सांगितलं असंल तुम्हाला."

"सांगितलं," म्हणाले. आणि स्वतःच्या हातातला नारळ माझ्या हातात दिला. "फोड."

परतीला त्या पुलावर पुन्हा बसले. बाकीच्या पुढं गेल्या होत्या. अप्पा ओढ्याकडे बघत म्हणाले, "त्या कागदात गुडघ्याची एखादी कसरत असती का?"

मी म्हटलं, "विचारून बघते."

"माझं नाव काढू नको. एक म्हातारा हाय म्हनावं गावात."

तर अक्का, गावात एक म्हातारा आहे. त्याचा उजवा गुडघा दुखतो, उकिडवं बसून उठताना जास्त. त्याच्यासाठी एखादी कसरत पाठव. डोकं मधोमध काढ.

भामा


हसनाबाद
२१ सप्टेंबर १९८९

अक्का,

म्हाताऱ्याचा गुडघा बरा आहे. तू वेगळा कागद पाठवलास हे फार शहाणपण केलंस. त्यावर नाव नाही, गाव नाही, "ज्यांचा गुडघा दुखतो त्यांनी" अशी सुरुवात. अप्पांनी तो कागद पंचांगात ठेवला आहे. सकाळी ओट्यावर बसून पाय सरळ करतात, धरून ठेवतात, खाली सोडतात. शेजारच्या तुळजाबाईनं विचारलं, "पायाला काय झालं?" तर म्हणाले, "काही न्हाई. आखडला जरा." तिची पाठ वळली की पुन्हा पाय वर.

एकदा मला म्हणाले, "ह्यात श्वास कधी सोडायचा ते लिहिलं न्हाई. शिकवनाऱ्यानं बराबर लिहावं." मी म्हटलं कळवते. कळव.

आता मोठी गोष्ट. काल हेडसरांनी समितीला मैदानावर बोलावलं. मुलांचा संघ आणि आमचा संघ, दोघांना एकत्र मैदानाभोवती पळवलं. कोण पहिलं येतं ते बघायचं नव्हतं, कोण बसतं ते बघायचं होतं. समिती खुर्च्यांवर, सगुणाचा बाप निंबाखाली हाताची घडी घालून. आधी बसला तो मुलांचा कप्तान. मग आणखी दोघं. नंतर कुणी मोजलं नाही. आमच्यातली एकही बसली नाही. सगुणा शेवटच्या फेरीला बापाच्या समोरून गेली तेव्हा त्यानं हाताची घडी सोडली. मी बघितलं, मला रडू आलं, आणि रडत पळायला फार त्रास होतो, तेही तुला सांगून ठेवते.

अप्पा उठून म्हणाले, "पोरी जातील."

असं वाटलं, झालं. आम्ही किंचाळलोसुद्धा. तेवढ्यात शाळेच्या कारकुनानं घसा साफ केला. सामने दोन दिवसांचे, मुक्काम भोकरदनला. मुलींच्या संघाबरोबर बाई पाहिजेच, तीही शिकवणारी, असा नियम. गेल्या वर्षी बरोबर आलेल्या बाईंची जूनमध्येच बदली झाली आणि आता शाळेत एकही बाई नाही. हेडसर म्हणाले, बाहेरची शिक्षिकासुद्धा चालते, समितीनं पत्र देऊन बोलावलं तर.  सगळ्यांना एकच नाव माहीत आणि ते अप्पांसमोर कुणी घेईना. बैठक तशीच उठली.

अक्का, तू ये. रजा काढ आणि ये. अप्पांच्या बोलावण्याची वाट बघू नकोस. बाई नसेल तर आम्ही घरी बसणार, आणि हे सगळं पळणं राजूरच्या सडकेवरच राहणार.

भामा


हसनाबाद
१ ऑक्टोबर १९८९

अक्का,

मिळालं. दीड ओळीसाठी तू अख्खं पाकीट खर्ची घातलंस. "ज्यांनी जा म्हटलं त्यांनी ये म्हणावं." छान. आणि इकडे मी मायकडून विचारवलं तर अप्पा म्हणतात, "गेली तिच्या मनानं. यावं तिच्या मनानं." तेही छान. तुम्हा दोघांना एकाच घोंगडीखाली कोंडून ठेवलं पाहिजे.

आता माझं ऐक. तुमचं भांडण तुम्ही आणखी चार वर्षं भांडा, म्हातारे होईपर्यंत भांडा, मी मध्ये पडणार नाही. पण त्यात बारा पोरी अडकवू नका. तू आम्हाला लिहिलं होतंस ना, की धाप लागल्यावर थांबावंसं वाटतं तेव्हाच पुढचं पाऊल टाकायचं असतं? आम्ही टाकलं. अनवाणी टाकलं. तू कधी टाकणार? मी तुझ्यावर चिडले आहे आणि मला तुझी खूप आठवण येते, दोन्ही एकदमच. चार वर्षांत एकदाही लिहिलं नाही, आज लिहिते.

एवढं लिहून मी उठले आणि आज दुपारी जेवताना तुझी दीड ओळ अप्पांसमोर मोठ्यानं वाचली. माय "भामे, भामे" करत राहिली. मी वाचून संपवलं आणि म्हटलं, "अप्पा, तुम्ही पोरी जातील म्हणालात. कशा जातील ते सांगा."

अप्पांनी जेवण सोडलं नाही या वेळी. सावकाश सगळं संपवलं. मग म्हणाले, "हेडसरच्या घरी जा आन् शाळेचा छापील कागद घेऊन ये. जल्दी."

मी पळतच गेले. वाटेत कुणी विचारलं नाही कोन गेलं म्हणून. आता सगळ्यांना सवय झाली आहे.

कागद घेऊन ते आतल्या खोलीत बसले आणि दार लोटून घेतलं. माय दाराशी बसून राहिली. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते पाकीट चिकटवूनच. मला वाचू दिलं नाही. फक्त म्हणाले, "पोस्टात टाक. तुझ्या पत्राच्या आत घाल म्हंजी गहाळ होनार न्हाई."

तेच आत घालते आहे. त्यांनी वरती पत्ता लिहिला आहे, गल्लीसकट. मला विचारला नव्हता.

भामा


शाळा समिती
हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना
दि. १ ऑक्टोबर १९८९

प्रति,
कु. बेबीनंदा अप्पाराव पुंगळे
क्रीडाशिक्षिका, अमरावती

विषय : मुलींच्या खो-खो संघासोबत भोकरदन येथे जाणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, येथील शाळेच्या मुलींचा संघ तालुका सामन्यांसाठी पाठविण्याचे समितीने ठरविले आहे. आपण पोस्टाद्वारे दिलेल्या शिक्षणाने मुलींची शारीरिक तयारी उत्तम झाली असल्याचे समितीने समक्ष पाहिले. समितीच्या एका सदस्याच्या गुडघ्यासही त्यापासून आराम आहे.

संघासोबत जाण्यास शिक्षिका आवश्यक आहे. हेडमास्तरांनी छापील कागद देऊन संमती दिली आहे व इतर सदस्यांचीही हरकत नाही. तरी आपण रजा घेऊन दि. १० ऑक्टोबरपर्यंत येथे हजर व्हावे. त्या दिवशी दसरा आहे. जालन्याहून हसनाबादची शेवटची गाडी संध्याकाळी सुटते. ती चुकल्यास जालन्यात थांबू नये, निरोप द्यावा, घ्यायला माणूस येईल. माणूस स्वतः सदस्यच असेल.

आपल्या दिनांक नसलेल्या पत्रातील अट समितीसमोर वाचण्यात आली. त्याबाबत खुलासा असा की, 'जा' हे तोंडी होते व रागात होते. 'ये' हे लेखी देण्यात येत आहे.

आपल्या मुक्कामाची व्यवस्था समितीचे सदस्य श्री. अप्पाराव कचरू पुंगळे यांचे राहते घरी करण्यात आली आहे. घर आपल्या माहितीचे आहे.

कळावे,
अप्पाराव कचरू पुंगळे
सदस्य, शाळा समिती